वनस्पतिगणना आणि लोकनामे

उद्यानांतील व राखीव वनांतील देशी वनस्पतींची गणना करणारे स्वयंसेवक २००८ साली आरंभलेल्या ‘आयनॅचरलिस्ट’सारख्या संग्रहाचा आश्रय घेतात. छायाचित्र, स्थळ व दिनांक यांमुळे अशी नोंद पडताळता येते, हा तिचा निःसंशय गुण होय. परंतु स्थानिक नाव तीत अनिवार्य नसते. पांढरा कुडा म्हणजे होलॅरेना, काळा कुडा म्हणजे राइटिया. दोहोंची फुले पांढरी, दोहोंत चीक. अतिसारावर प्रसिद्ध असलेली साल मात्र पहिल्याची. साल काढणारा लोकनामानेच झाड ओळखतो. तेथे विशेषण गळाले की औषध बदलते. सबब लॅटिन नामाशेजारी संपूर्ण लोकनाम व ते जेथे ऐकले ते गाव नोंदविल्याखेरीज ही गणना अपुरीच मानावी लागेल.