टेहळणी, चिंतन आणि सट्टा : 'स्पेक्युलेट' या क्रियापदाचा अर्थविचार

'स्पेक्युलेट' हे इंग्रजी क्रियापद आज प्रामुख्याने दोन अर्थांनी योजले जाते. पुरेसा पुरावा हाती नसताना एखाद्या गोष्टीविषयी अटकळ बांधणे हा एक अर्थ, आणि भाव चढेल किंवा उतरेल या अपेक्षेने, नफ्याच्या उद्देशाने खरेदी-विक्री करणे हा दुसरा. याखेरीज तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत याच कुळातील विशेषण एका तिसऱ्या, गंभीर अर्थाने टिकून आहे. कांट आणि हेगेल यांच्या विवेचनात ते विशेषण येते ते अनुभवाच्या पलीकडे जाऊ पाहणाऱ्या विचाराला उद्देशून. अटकळीशी किंवा बाजाराशी तेथे त्याचा संबंध नसतो.

या तीन अर्थांचा परस्परसंबंध लावताना सामान्यतः एक सोपी उपपत्ती सांगितली जाते. मूळचा अर्थ चिंतन. त्याची घसरण होऊन तर्कबाजी. आणि तिचीही घसरण होऊन जुगारवजा व्यापार. अर्थशास्त्रात नव्हे, तर शब्दार्थशास्त्रात ज्याला अर्थापकर्ष म्हणतात त्याचे हे ठळक उदाहरण होय, असे समजले जाते. ही उपपत्ती आकर्षक असली तरी पुराव्याच्या कसोटीस उतरत नाही. शब्दाला चिकटलेली निंदा बाजारातून आलेली नाही. ती बाजारी अर्थाच्या सुमारे दोन शतके अगोदरची आहे. उलट बाजारी अर्थ प्रथम दिसतो तो जुगाराचा पर्याय म्हणून नव्हे, तर हिशेबी तर्काच्या आधारे केलेल्या व्यापाराचे नाव म्हणून.

प्रथम व्युत्पत्ती पाहू जाता, लॅटिनमध्ये 'स्पेकेरे' म्हणजे पाहणे. त्यापासून 'स्पेकुला' म्हणजे टेहळणीचा बुरूज, आणि 'स्पेकुलारी' म्हणजे उंचावरून टेहळणे, पाळतीवर असणे. रोमन सैन्यातील 'स्पेकुलातोर' हा हेर व जासूद असे. हाच धातू ग्रीकमध्ये वर्णविपर्यासाने 'स्केप्' असा दिसतो, आणि संशयवादी या अर्थाचा 'स्केप्टिक' हा शब्द तेथूनच आला. संस्कृतात त्याचे रूप 'स्पश्' असे आहे. पाणिनीय परंपरेत 'पश्यति' हे रूप 'दृश्' धातूच्या आदेशाने साधले जाते. परंतु ऐतिहासिक दृष्ट्या ते या 'स्पश्' धातूचेच होय. ऋग्वेदात वरुणाचे हेर 'स्पश' या नावानेच ओळखले जातात, आणि माघाने 'शिशुपालवधा'त हेरांवाचून असलेली राजनीती व पस्पशाह्निकावाचून असलेले व्याकरण यांची सांगड याच शब्दावरील श्लेषाने घातली आहे. मराठीत नित्य वापरला जाणारा 'स्पष्ट' हा शब्दही याच धातूचा. म्हणजे जे नीट पाहिले गेले ते 'स्पष्ट' आणि जे अद्याप नीट दिसत नाही त्याविषयी 'स्पेक्युलेट' करणे, ही दोन्ही एकाच मुळाची फळे आहेत. विरोध वाटतो तो वरवरचा आहे. बुरुजावरील पहारेकरी जे पाहू इच्छितो ते जवळचे नसतेच. दूरच्या, अर्धवट दिसणाऱ्या वस्तूचा वेध घेणे हाच मूळ क्रियेचा गाभा होय.

या गाभ्याला मध्ययुगात एक वेगळे वळण मिळाले. बोएथियसच्या लॅटिन लेखनात 'स्पेकुलातिओ' हा शब्द ग्रीक 'थेओरिया'च्या जागी, म्हणजे तात्त्विक दर्शनाच्या अर्थाने, प्रतिष्ठित झाला. त्याच्याही अगोदर संत ऑगस्टीनने 'त्रित्वाविषयी' या ग्रंथाच्या पंधराव्या भागात, करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील एका वचनावर भाष्य करताना, 'स्पेकुलांतेस' हे पद 'स्पेकुला' म्हणजे बुरूज यावरून नव्हे, तर 'स्पेकुलुम' म्हणजे आरसा यावरून समजावे असे प्रतिपादले. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने हाच निर्वाळा पुन्हा उद्धृत केला. केवळ शब्दसिद्धीचा विचार केल्यास क्रियापदाचे नाते बुरुजाशी अधिक जवळचे आहे, हे खरे. तथापि शब्दाचा इतिहास हा केवळ मुळाचा इतिहास नसतो. बोलणारे व लिहिणारे त्याचे मूळ काय समजत आले, यानेही तो घडतो. आरशाच्या व्युत्पत्तीने शब्दात एक नवी जाणीव आणली. ईश्वर प्रत्यक्ष दिसत नाही. त्याचे प्रतिबिंब सृष्टीत दिसते, आणि प्रतिबिंबावरून बिंबाकडे जावयाचे असते. म्हणजे हे पाहणे परोक्ष आहे. परोक्षतेची ही कबुली चिंतनाच्या गौरवातच दडलेली होती; पुढे तिच्यातूनच दोष निघाला.

इंग्रजीत प्रथम नाम आले, क्रियापद नंतर. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात चॉसरने बोएथियसचे भाषांतर केले, त्यात 'स्पेक्युलेशन' हे नाम आढळते. क्रियापद मात्र सोळाव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागते, आणि तेही, इंग्रजीतील अशा अनेक क्रियापदांप्रमाणे, लॅटिन कृदन्ताच्या साच्यावर घडलेले. या काळात पाहण्याचा मूळ अर्थ अगदी पुसला गेला नव्हता. 'मॅक्बेथ' नाटकाच्या तिसऱ्या अंकात बँकोचे भूत मेजवानीस येते, तेव्हा मॅक्बेथ त्याच्या डोळ्यांत 'स्पेक्युलेशन' नाही असे म्हणतो. तेथे दृष्टी, पाहण्याची जिवंत शक्ती, हाच अर्थ आहे. आजच्या वाचकाला त्या ठिकाणी टीपेची गरज भासते, यावरून अंतर किती पडले ते कळते.

निंदेचा अर्थही याच सुमाराचा आहे. 'नुसता तर्क', 'ज्याला आधार नाही असा विचार' या भावाने हे नाम सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातच वापरलेले आढळते. त्यामागील कारण ज्ञानाच्या बदलत्या निकषांत शोधले पाहिजे. फ्रान्सिस बेकनने १६०५ मध्ये निसर्गविद्येचे दोन भाग केले : एक कारणांचा शोध घेणारा, 'स्पेक्युलेटिव्ह', दुसरा कार्य घडवून आणणारा. बेकनच्या विभागणीत पहिल्या भागाची अवहेलना नाही. परंतु १६६० मध्ये रॉयल सोसायटी स्थापन झाली, तिने कोणाच्याही शब्दावर विश्वास न ठेवण्याचे ब्रीद स्वीकारले आणि प्रयोग हे ज्ञानाचे प्रमाण ठरू लागले. न्यूटनने १७१३ मध्ये 'प्रिन्सिपिया'च्या दुसऱ्या आवृत्तीस जोडलेल्या टिपणात, आपण गृहीतके रचीत नाही, असे सांगितले. अशा वातावरणात जे हाताने पडताळता येत नाही ते पाहणे संशयास्पद ठरले. पाहणाऱ्याची क्रिया तीच राहिली. तिच्याविषयीचे समाजाचे मत पालटले.

आता बाजारी अर्थाकडे वळू. येथे वस्तू आणि शब्द यांचा काळ निराळा आहे, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी होय. १७२० मध्ये साउथ सी कंपनीच्या भागांचे भाव गगनाला भिडले आणि कोसळले. आज त्या प्रकरणाचे वर्णन 'स्पेक्युलेशन' या शब्दावाचून करता येणार नाही. परंतु त्या काळच्या इंग्रजीत त्या धंद्याचे रूढ नाव 'स्टॉक-जॉबिंग' असे होते. १७३४ मध्ये त्याविरुद्ध जो कायदा झाला, त्याच्या मथळ्यातही 'स्टॉक-जॉबिंग' हाच शब्द आहे. १७५५ च्या आपल्या कोशात सॅम्युअल जॉन्सनने 'स्टॉकजॉबर'ला नीच माणूस ठरविले. पण 'स्पेक्युलेट' या क्रियापदाला त्याने चिंतन व मानसिक अवलोकन एवढाच अर्थ दिला, पैशाचा उल्लेखही केला नाही. म्हणजे भागांच्या जुगाराची निंदा करावयास भाषेजवळ शब्द होता, आणि तो हा नव्हता.

व्यापारी अर्थाची नोंद सापडते ती १७७० नंतरच्या दशकात. १७७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अॅडम स्मिथच्या 'राष्ट्रांची संपत्ती' या ग्रंथात तर दोन्ही अर्थ एकाच भागात नांदतात. पहिल्या भागाच्या पहिल्या प्रकरणात स्मिथ तत्त्वज्ञांना 'स्पेक्युलेशन'ची माणसे म्हणतो. काही करणे नव्हे, तर सर्व काही न्याहाळणे हा ज्यांचा व्यवसाय, अशी ती माणसे. त्याच भागाच्या दहाव्या प्रकरणात तो 'स्पेक्युलेशनचा व्यापार' असा शब्दप्रयोग करतो, आणि लोक ज्याला असे म्हणतात, अशा बेताने करतो; त्यावरून प्रयोग नवा असल्याचे जाणवते. हा व्यापारी कोण? कोणताही एक ठरलेला धंदा न करणारा. यंदा धान्याचा, पुढल्या वर्षी मद्याचा, त्यानंतर साखर, तंबाखू किंवा चहाचा व्यापार करणारा. जेथे नेहमीपेक्षा अधिक नफा दिसेल तेथे तो शिरतो, आणि नफा इतर धंद्यांच्या पातळीवर येईलसा दिसला की बाहेर पडतो. तो मालाची खरोखर ने-आण करतो. त्याला वेगळे करते ती त्याची टेहळणी. तत्त्वज्ञ आणि हा व्यापारी यांना एकाच शब्दाने संबोधण्यात स्मिथला विसंगती वाटत नाही, कारण दोघेही पाहणारे आहेत. एक पाहून थांबतो, दुसरा पाहून पैसा गुंतवितो.

याविरुद्ध एक आक्षेप संभवतो. १८१४ च्या जेन ऑस्टिनच्या 'मॅन्सफील्ड पार्क' या कादंबरीत 'स्पेक्युलेशन' नावाचा पत्त्यांचा डाव येतो. मग शब्दात जुगार नाही असे कसे म्हणावे? उत्तर असे की, जुगाराचा भाव पुढे आला हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न क्रमाचा आहे. तो डाव पत्ते विकत घेण्या-विकण्याचा आहे, म्हणजे बाजारावरून खेळाला नाव मिळाले. खेळावरून बाजाराला नव्हे.

इंग्रज राजवटीबरोबर ही संकल्पना मुंबईतही आली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस विलायतेस जाईनासा झाला, मुंबईच्या कापसाला अपूर्व भाव आला, आणि बॅकबे रेक्लमेशनसारख्या कंपन्यांच्या भागांचे वायदे होऊ लागले. युद्ध संपले आणि १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशी कित्येक पेढ्या बुडाल्या. मराठीने या व्यवहारासाठी इंग्रजी क्रियापद उसने घेतले नाही. वायदा, तेजी-मंदी, सट्टा हे शब्द तिला पुरेसे होते. कायद्याला मात्र नेमकी सीमा आखावी लागली. १८७२ च्या करारविषयक कायद्याच्या ३० व्या कलमाने पैजेचे करार निरर्थक ठरविले. परंतु भावाच्या अपेक्षेने केलेला प्रत्येक सौदा पैज ठरत नाही. १९६१ च्या आयकर कायद्याने ज्या सौद्याचा निकाल माल प्रत्यक्ष हाती न देता लावला जातो, त्याला 'स्पेक्युलेटिव्ह' म्हटले. स्मिथच्या व्यापाऱ्याकडे माल होता. या व्याख्येत माल नाही, केवळ त्याच्या भावाकडे लागलेली दृष्टी आहे.

या बदलाचे सर्वांत मार्मिक विश्लेषण केन्सच्या १९३६ च्या ग्रंथातील बाराव्या प्रकरणात मिळते. एखाद्या मत्तेचे तिच्या संपूर्ण आयुष्यातील उत्पन्न आजमावणे याला तो उद्यम म्हणतो, आणि बाजाराचे मानसशास्त्र आजमावणे याला 'स्पेक्युलेशन'. दोन्ही क्रिया भविष्याकडे पाहण्याच्याच आहेत. भेद एवढाच की, एक वस्तूकडे पाहते आणि दुसरी इतर पाहणारे काय पाहतील याकडे पाहते. ऑगस्टीनचा आरसा येथे परत आल्यासारखा दिसतो. मात्र प्रतिबिंबामागे आता बिंब असेलच याची खात्री नाही. केन्सला हा संबंध अभिप्रेत होता असे म्हणता येत नाही, परंतु शब्दाच्या अंगभूत अर्थाशी त्याची व्याख्या जुळते, हे निश्चित.

मराठी भाषांतरकाराच्या दृष्टीने या चर्चेला प्रत्यक्ष महत्त्व आहे. मराठीत अटकळ बांधतात, तर्क लढवितात आणि सट्टा खेळतात. तीन नामांबरोबर येणारी ही तीन क्रियापदेच मूल्यनिर्णय करून मोकळी होतात. केन्सच्या पदाला 'सट्टा' म्हटले की वाचकासमोर खेळ उभा राहतो, आणि दोन प्रकारच्या पाहण्यांतील भेद, जो त्या प्रकरणाचा प्राण आहे, नाहीसा होतो. उलट कांटच्या विशेषणाला 'तर्कबाज' छटेचा शब्द दिला, तर परीक्षण करण्याआधीच निकाल लागतो. एकाच मराठी शब्दाने सर्व स्थळे साधण्याचा आग्रह सोडावा. तत्त्वज्ञानात 'अनुभवातीत चिंतन', सामान्य व्यवहारात 'अटकळ', आणि कायद्याच्या व बाजाराच्या भाषेत 'सट्टा' योजावा. जेथे मूळ लेखक दोन अर्थांच्या संबंधावरच बोट ठेवीत असेल, तेथे तो संबंध वाक्यात उलगडून सांगावा.

तात्पर्य, 'स्पेक्युलेट'चा इतिहास हा उंचावरून खाली पडण्याचा इतिहास नव्हे. बुरूज तोच आहे. त्यावरून प्रथम शत्रू पाहिला गेला, मग ईश्वर, मग सृष्टीची कारणे, मग उद्याचा भाव, आणि अखेरीस शेजारच्या बुरुजावरील पहारेकरी. कोशातील अर्थांचा क्रम हा शब्दाच्या चारित्र्याचा पंचनामा मानण्यापूर्वी, दृष्टी बदलली की दृश्य बदलले, एवढे तरी अभ्यासकाने तपासून पाहिले पाहिजे.