साराचे हास्य : एका धातूच्या आधारे चरित्रविचार

हिब्रू धर्मग्रंथातील कुलमातांमध्ये सारा ही पहिली. तिच्या चरित्राचे विवेचन बहुधा दोन टोकांना जाते. एका पक्षाला ती श्रद्धेचा व पतिनिष्ठेचा आदर्श वाटते, तर दुसऱ्याला दासीचा छळ करणारी मत्सरी स्त्री. दोन्ही पक्ष आपला निर्णय मूळ संहितेवर आधारलेला असल्याचे सांगतात. वस्तुतः तो पुष्कळदा भाषांतरानेच आधी देऊन ठेवलेला असतो. 'उत्पत्ती' या ग्रंथात साराचे मातृत्व ज्या एका धातूभोवती गुंफलेले आहे, त्याचा मागोवा घेतल्यास ही गोष्ट ध्यानात येते.

हा धातू 'त्स-ह-क', म्हणजे हसणे. पुत्रप्राप्तीचे वचन ऐकून प्रथम हसतो तो अब्राहाम (१७.१७). पुढच्याच अध्यायात तंबूच्या दाराशी उभी असलेली सारा तेच वचन ऐकून मनात हसते (१८.१२). शंकेचे कारण एकच, ते म्हणजे उभयतांचे वार्धक्य, क्रियापदही एकच. तथापि अब्राहामाला कोणी जाब विचारीत नाही. साराच्या हसण्याचा मात्र जाब विचारला जातो. ती भयाने ते नाकारते आणि तिचे नाकारणेही खोडून काढले जाते. कथेतील ही विषमता ऑन्कलोसच्या अरामी भाषांतराने शब्दांत पक्की केली. तेथे अब्राहाम 'आनंदतो' आणि सारा 'हसते'. अकराव्या शतकातील भाष्यकार राशी याने याच भेदावर बोट ठेवून पतीच्या ठायी श्रद्धा व पत्नीच्या ठायी उपहास पाहिला. मूळ संहितेत मात्र या भेदाला शब्दाचा आधार नाही.

पुत्र जन्मतो आणि त्याचे नाव 'यित्सहाक' ठेवले जाते. त्यात हाच धातू आहे. मराठीतील 'इसहाक' या रूपात हसण्याची खूण उरत नाही. यानंतरचे साराचे उद्गार (२१.६) विशेष विचारार्ह आहेत. ही वार्ता ऐकणारा प्रत्येक जण हसेल असे ती म्हणते आणि त्या क्रियापदाला 'ली' हे रूप जोडते. हे रूप 'माझ्यासाठी', 'माझ्यासह' आणि 'माझ्यावर' हे तिन्ही अर्थ सामावून घेते. मराठीला ही मोकळीक नाही. 'मला हसेल' म्हटले की उपहास ठरतो, 'माझ्याबरोबर हसेल' म्हटले की आनंद. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाईंसारख्या भाषांतरकर्तीलाही येथे निवड करणे भागच होते. नव्वदाव्या वर्षी माता झालेल्या स्त्रीच्या मनातील हर्ष व संकोच मूळात मात्र एकाच शब्दात नांदतात.

खरा प्रश्न २१.९ येथे उपस्थित होतो. हागार या इजिप्शियन दासीचा पुत्र इश्माएल याला सारा 'मेत्साहेक' अवस्थेत पाहते. हे त्याच धातूचे तीव्रतादर्शक कृदंत असून प्रचलित हिब्रू पाठात त्याला कर्म नाही. खेळणे, थट्टा करणे, प्रणयचेष्टा करणे असे त्याचे अर्थ संदर्भानुसार होतात, २६.८ मध्ये इसहाक व रिबका यांच्याविषयी तेच रूप येते. सेप्टुआजिंट या ग्रीक भाषांतराने आणि जेरोमच्या लॅटिन भाषांतराने 'इसहाकाबरोबर' ही भर घालून ते निरागस खेळणे मानले. १६११ च्या इंग्रजी भाषांतराने 'टवाळी' मानली. पहिल्या वाचनात सारा निष्ठुर ठरते, दुसऱ्यात तिच्या क्रोधाला निमित्त मिळते.

सारा स्वतः मात्र या कृत्याचा उल्लेखही करीत नाही. दासीला व तिच्या मुलाला घालवून द्या, या मागणीचे तिने दिलेले कारण केवळ वारशाचे आहे (२१.१०). त्या दोघांची नावेही ती घेत नाही. जे रूप इसहाकाच्या नावात आहे त्याच धातूचे रूप इश्माएलाच्या ठिकाणी दिसावे, हे येथे अर्थपूर्ण आहे. आपल्या पुत्राचे स्थान दुसरा घेत आहे ही तिची भीती त्या शब्दातच सूचित होते. टवाळीचा आरोप ठेवून तिचा बचाव करण्याची गरज संहितेला भासलेली नाही.

याचा अर्थ संहिता तिला निर्दोष ठरविते असा नव्हे. १६.६ मध्ये साराने हागारेला जाचल्याचे सांगताना जो धातू योजला आहे, तोच १५.१३ मध्ये अब्राहामाच्या वंशजांना परदेशी सोसाव्या लागणाऱ्या छळासाठी आला आहे. इजिप्तच्या दास्याची भविष्यवाणी आणि इजिप्शियन दासीचा छळ एकाच शब्दाने जोडले जातात. तेराव्या शतकातील भाष्यकार नाखमानिदेस याने येथे कुलमातेने पाप केले असे स्पष्ट म्हटले आहे. भक्तिभाव व परखडपणा एकत्र राहू शकतात, याचे हे उत्तम उदाहरण होय.

हागारेच्या हकालपट्टीच्या मागणीनंतर साराचा एकही शब्द नोंदलेला नाही. पुत्राच्या बलिदानाच्या प्रसंगी (अध्याय २२) तिचा उल्लेखही येत नाही; त्यानंतर एकशे सत्तावीस वर्षांची होऊन हेब्रोन येथे तिचा मृत्यू झाल्याची नोंद तेवढी येते. जिचे शब्द इतके मोजके, तिच्या चरित्राचा निर्णय एकेका शब्दावर अवलंबून राहणे अपरिहार्य आहे. म्हणून मूळातील अनेकार्थता भाषांतराने जेथे मिटविली, तेथे ती पुन्हा उघडून दाखविणे हे समीक्षकाचे पहिले कर्तव्य ठरते. साराला आदर्श वा अपराधी ठरविण्याचा विचार त्यानंतरचा.