स्वाक्षरीचें मोल आणि कागदाचा पुरावा

नेवासें तालुक्यांतील शनिशिंगणापूर येथें घराच्या चौकटीस दार न बसविण्याची व कुलूप न घालण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. देवहि उघड्या चौथऱ्यावर असून त्यास छप्पर नाहीं. या गांवीं गेलें असतां संशोधकाच्या मनांत सहजच प्रश्न येतो कीं, जुने कागद टिकतात ते कशानें? उत्तर शोधावयास दूर जावें लागत नाहीं. तालुक्याच्याच गांवीं, नेवाशास, शके १२१२ (इ. स. १२९०) मध्यें ज्ञानेश्वरी सांगितली गेली व सच्चिदानंदबाबांनीं ती लिहून घेतली. ती मूळ प्रत आज उपलब्ध नाहीं. ज्ञानेश्वरांच्या स्वहस्ताक्षराचें एक पानहि कोणाजवळ नाहीं. तथापि ग्रंथ आहे. शके १५०६ (इ. स. १५८४) मध्यें एकनाथांनीं त्याचा पाठ शुद्ध केला, तो जागोजागीं झालेल्या नकलांच्या आधारानेंच. ग्रंथ राखिला तो नकलकारांनीं.

हें सांगण्याचें कारण असें कीं, अलीकडे ग्रंथकारांच्या हस्ताक्षरांस व स्वाक्षऱ्यांस लिलांवांत मोठ्या किंमती येऊं लागल्या आहेत. जून २०२५ मध्यें मुंबईच्या अस्तगुरु या लिलांवगृहानें रवींद्रनाथ ठाकुरांचीं ३५ पत्रें व १४ लिफाफे सुमारें ५ कोटी ९० लक्ष रुपयांस विकले. हीं पत्रें इ. स. १९२७ ते १९३६ या काळांत समाजशास्त्रज्ञ धूर्जटिप्रसाद मुखर्जी यांस लिहिलेलीं आहेत. या दोघांचा संगीतविषयक पत्रव्यवहार ‘सुर ओ संगति’ या नांवानें १९३५ मध्यें, म्हणजे रवींद्रनाथांच्या हयातींतच, पुस्तकरूपानें निघालेला होता. तेव्हां अशा पत्रांतील विचार वाचावयाचे असल्यास ग्रंथालयांत जाऊन बसणें पुरें होतें. एवढी रक्कम पडली ती मुख्यतः हाताच्या अक्षरास व शेवटच्या सहीस.

मूळ कागदास किंमत नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. खोडलेला शब्द, समासांत घातलेली भर, कागदाची जात व शाई हीं छापील पुस्तकांत येत नाहींत. लिफाफ्यावरील टपालाच्या शिक्क्यावरून तारीख नसलेल्या पत्राचा काळ ठरवितां येतो. म्हणून इतिहासाच्या दृष्टीनें ते १४ लिफाफे सहीइतकेच मोलाचे होत. पत्रें व लिफाफे एकाच गठ्ठ्यांत विकले गेले ही समाधानाची गोष्ट आहे. पण ती विक्रेत्याच्या मर्जीची होय, नियमाची नव्हे. पस्तीस पत्रांचे पस्तीस लिलांव केल्यानें अधिक पैसे येतात असें दिसलें तर ती मर्जी किती टिकेल?

आमच्या दप्तरांचा अनुभव स्वाक्षरीच्या या हौसेस अनुकूल नाहीं. मराठेशाहींतील पत्राचा मजकूर बहुधा कारकुनानें लिहावयाचा. त्यावर शिक्का, शेवटीं मोर्तब आणि प्रसंगीं एखादी अखेरची ओळ धन्याच्या हातची, अशी रीत होती. अस्सलपणा ठरवावयाचा तो शिक्का, वळण, मायना, तारीख आणि तें पत्र ज्या रुमालांत सांपडलें त्यांतील शेजारचे कागद, या सर्वांचा मेळ घालून. तुकोबांच्या अभंगांचेंच पहा. वि. ल. भावे यांनीं १९१९ मध्यें संताजी तेली जगनाडे यांच्या वह्यांवरून गाथा छापिली. त्या वह्यांत तुकोबांची सही कोण शोधितो? वह्या कोणाच्या हातच्या व कोणाच्या घराण्यांत राहिल्या, ही परंपरा ठाऊक होती, म्हणून त्यांस अधिकार आला. राजवाड्यांनीं १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ छापिलीं, तींहि याच दृष्टीनें. ज्याच्या घरचे कागद त्याच्याकडे राहिले तरी मजकूर सर्वांचा झाला.

लिलांव या परंपरेसच धक्का देतो. पूर्वीच्या मालकाचें नांव पुष्कळदां झांकलें जातें, नव्या मालकाचें तर बहुधा कळतच नाहीं. आणि जेथें नुसत्या सहीस दर येतो तेथें बनावट सही करणारा उपजल्यावांचून राहत नाहीं. यावर संग्राहक म्हणतील कीं, दर आला म्हणूनच लोक जुने कागद रद्दींत घालीनासे झाले. हा आक्षेप खरा आहे व तो आम्हीं मान्य करितों. घरोघरचीं दप्तरें वाण्याच्या पुड्यांस गेलेलीं ज्यांनीं पाहिलीं त्यांस तो नाकारतां यावयाचा नाहीं. परंतु कागद वांचणें आणि पुरावा वांचणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्यानें ७५ वर्षांहून जुनीं, ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाचीं हस्तलिखितें खासगी मालकास परदेशीं पाठवितां येत नाहींत. कागद देशांत राहतो. पण तो अभ्यासकास दाखविण्याची सक्ती तेवढ्यानें होत नाहीं. मुंबईंतील तिजोरींत बंद झालेलें पत्र संशोधकास लंडनमधल्याइतकेंच दूर.

चांगला मार्गहि दिसलेला आहे. हेर्मान कालेनबाख यांच्या घराण्यांतील गांधीजींविषयींचीं कागदपत्रें २०१२ मध्यें लंडनच्या लिलांवांत जाणार होतीं. भारत सरकारनें लिलांवापूर्वींच तीं एकत्र विकत घेतलीं व दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारांत ठेविलीं. पण सरकार प्रत्येक वेळीं धांवेल ही आशा व्यर्थ होय. म्हणून आमची सूचना माफक आहे. विक्रीपूर्वीं प्रत्येक पत्राची, लिफाफ्यासह व दोन्ही बाजूंची, छायाप्रत एखाद्या संशोधनसंस्थेंत ठेवावी. पत्रांचा मूळ क्रम व पूर्वीचे मालक यांची यादी तीस जोडावी. मालकाची इच्छा असल्यास त्याचें नांव कांहीं वर्षें गुप्त ठेवावें. यानें लिलांवाच्या किंमतींत तोटा येईल असें आम्हांस वाटत नाहीं.

कोट्यवधि रुपयांच्या कागदांस शिंगणापुरासारखें बिनकुलपाचें ठेवा, असें कोणीहि म्हणणार नाहीं. पेटीस कुलूप असावें; वाचनास असूं नये. नेवाशाचा ग्रंथ सातशें वर्षें आपल्यापर्यंत आला तो याच मार्गानें.