जोड आणि जोडी : बोरामणीच्या शेख बंधूंच्या कुस्तीचा विचार

मराठी कुस्तीच्या परिभाषेत ‘जोड’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. फडात जोड लावली जाते ती एकमेकांविरुद्ध उभ्या राहणाऱ्या दोन मल्लांची. वजन, वय, तयारी आणि लौकिक यांचा अंदाज घेऊन जाणते पंच व वस्ताद ती ठरवितात, आणि जोड विजोड झाली तर प्रेक्षक ती मान्य करीत नाहीत. म्हणजे या भाषेत जोड होते ती प्रतिस्पर्ध्याशी, सहकाऱ्याशी नव्हे. पाश्चात्य धंदेवाईक कुस्तीत ‘टॅग टीम’ नावाचा जो प्रकार रूढ झाला त्याची कल्पना नेमकी याच्या उलट आहे. तेथे दोन मल्ल एका पक्षाचे असतात. एक रिंगणात लढतो, दुसरा दोराबाहेर उभा राहतो, आणि हाताला हात लागताच त्यांची अदलाबदल होते. १९५५ साली जपानमध्ये किंग काँग व टायगर जोगिंदरसिंग यांनी आशियाई जोडीचे विजेतेपद मिळविले. एका भारतीय मल्लाचे नाव या प्रकाराच्या इतिहासात आरंभीच दाखल झाले, तरी आपल्या मातीच्या कुस्तीत हा प्रकार रुजला नाही. याची मीमांसा करू जाता असा प्रश्न उपस्थित होतो की, ज्या कुस्तीत जोडीदाराला जागाच नाही, त्या कुस्तीत सहकार्य नावाची वस्तू असते की नसते? आणि असल्यास ती कोठे शोधावयाची?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास सोलापूर जिल्ह्याइतके सोयीचे क्षेत्र दुसरे नाही. सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या मार्गावरील बोरामणी या गावच्या शेख घराण्यातील तीन बंधूंनी ‘महाराष्ट्र केसरी’ हा किताब मिळविला : इस्माईल शेख यांनी १९८० साली, आप्पालाल शेख यांनी १९९२ साली आणि मुन्नालाल शेख यांनी २००२ साली. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेची स्थापना १९५३ सालची. किताबाची पहिली कुस्ती १९६१ साली औरंगाबाद येथे झाली आणि दिनकर दह्यारी हे पहिले मानकरी ठरले. लागोपाठ दोन किंवा तीन वर्षे किताब राखणारे मल्ल या परंपरेत झाले आहेत. परंतु एकाच घरात, एकाच पिढीत, बावीस वर्षांच्या अवधीत तीन वेळा गदा यावी, ही घटना वेगळ्या जातीची आहे. पहिल्या प्रकारात एका देहाचा पराक्रम आहे. दुसऱ्यात एका घराच्या शिस्तीचा.

हे यश केवळ रक्ताचे मानणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. उंची, हाडापेराचा रुंदपणा व दम या गोष्टी वंशाने येतात असे मान्य केले, तरी डाव वंशाने येत नाही. ढाक लावताना पाय नेमका कोठे रोवावा, पट काढताना समोरच्याचा तोल कोणत्या क्षणी सुटतो, ही विद्या हाताला हात लागल्यावाचून मिळत नाही. तालमीत जोर-बैठकांनी अंग तयार होते. कुस्ती तयार होते ती लढतीत. आणि लढतीसाठी असा जोडीदार लागतो की जो पुरता प्रतिकार करील, पण इजा करणार नाही. पाडील, पण का पाडले हेही सांगेल. ताक, तेल, हळद व लिंबू घालून मऊ केलेल्या मातीत रोज पहाटे होणारी ही लढत म्हणजेच मातीच्या कुस्तीतील खरी जोडी. फडात जो विरोधी तो जोड. तालमीत विरोध करूनही जो आपला तो जोडीदार. ज्या घरात मल्लाला भाऊही मल्लच लाभतो, त्या घरात विरोध व सहकार्य यांतील ही सीमारेषा पुसली जाते.

याला दुसरे एक आर्थिक कारण जोडावयास हवे. संस्थानांच्या काळात मल्लाचा खुराक दरबाराकडून चाले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुस्तीला दिलेला आश्रय सर्वश्रुत आहे. १९४८-४९ मध्ये अक्कलकोट, कोल्हापूर आदी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली, तेव्हा हा आश्रय मूळ रूपात उरला नाही. पुढे साखर कारखाने, तालीम संघ व सरकारी नोकऱ्या यांनी त्याची काही भरपाई केली. तथापि दूध, तूप व बदाम यांचा रोजचा भार ग्रामीण मल्लाच्या बाबतीत बव्हंशी घरावरच पडला. घर हेच आश्रयदाते झाले. किताबामागे एका नावापेक्षा अधिक माणसे उभी असतात, हे अशा घराण्याच्या उदाहरणात जितके स्पष्ट दिसते तितके एकट्या विजेत्याच्या चरित्रात दिसत नाही.

भावांच्या कुस्तीची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. १९१० साली गामा व त्याचा भाऊ इमामबक्ष हे लंडनला गेले. गामाने रोलरला हरविले, झिबिस्कोशी त्याची कुस्ती निकालावाचून राहिली, आणि इमामबक्षाने जॉन लेम याला चीत केले. दोघे एकत्र गेले, पण लढले वेगवेगळे. इतिहासात मात्र गामाचे नाव मोठ्या अक्षरांत राहिले व इमामबक्ष त्याच्या सावलीत गेला. कुस्तीविषयक लेखनाचा दोष येथे उघड होतो. ते एकेका वीराच्या चरित्राच्या साच्यात घडते. विजेत्यांच्या यादीत दर साली एकच नाव मावते, आणि लेखकही त्या यादीचाच विस्तार करीत राहतो. शेख बंधूंवर लिहिताना तीन स्वतंत्र यशोगाथा एकापुढे एक ठेवल्या, तर १९८० व २००२ यांमधील संबंध नाहीसा होतो. वस्तुतः अभ्यासाचा विषय तो संबंधच होय.

फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ याने १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात धंदेवाईक कुस्तीला खेळ न मानता देखावा मानले आहे. तेथे कोण जिंकतो यापेक्षा प्रत्येक क्षणी न्याय, वेदना व दुष्टपणा कसा दिसतो याला महत्त्व, असा त्याचा आशय आहे. ‘टॅग टीम’ हा त्या देखाव्याचा सर्वांत नाट्यमय प्रकार म्हणता येईल, कारण पडू लागलेल्याच्या मदतीला धावणारा सोबती तेथे डोळ्यांसमोर असतो. मातीच्या फडातही देखावा आहे : हलगी आहे, सलामी आहे, खडाखडी आहे. परंतु निकालाच्या क्षणी तेथे कोणी धावत येत नाही. पाठ मातीला लागली की ती एकट्याची लागते. या कुस्तीचे गांभीर्य यातच आहे; आणि सहकार्य तिने दृष्टीआड, तालमीत व घरात, का ठेवले याचे उत्तरही यातच आहे.

२०१८ साली जालना येथे बाला रफिक शेख यांनी किताब जिंकला, तेव्हा करमाळा तालुक्यातील खडकी गावाच्या निमित्ताने सोलापूरचे नाव पुन्हा या परंपरेत आले. हे घराणे वेगळे, काळ वेगळा आणि गादीवरील कुस्तीचे तंत्रही आता प्रभावी झालेले. तरीही जिल्ह्याच्या कुस्तीचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने विजेत्यांपासून आरंभ न करता तालमींपासून करावा, हेच या विवेचनाचे फलित. रिंगणातील जोडी हाताला हात लावून क्षणात अदलाबदल करते. बोरामणीच्या भावांमधील ती अदलाबदल एकदा बारा वर्षांनी आणि एकदा दहा वर्षांनी झाली. हात मात्र रोजच्या लढतीत लागतच होता.