खोटं नाणं, खरं नाणं

चॅप्लिनवर लिहितो म्हटल्यावर एका मित्रानं फटकन विचारलं, त्या गोऱ्या विदूषकाचं आपल्या चळवळीत काय काम? प्रश्न रास्त आहे. आपल्याकडं चॅप्लिनला डोक्यावर घेणारे बहुतेक पांढरपेशे. 'हसता हसता डोळ्यांत पाणी आलं' एवढं लिहिलं की त्यांची समीक्षा संपते. पाणी कुणाच्या डोळ्यांत आलं, हसलं कोण, कुणाला हसलं, हे ते विचारत नाहीत. आपल्याला तेवढंच विचारायचं आहे.

गेल्या ऑक्टोबरात चांद्याच्या दीक्षाभूमीवर गेलो होतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूर झाल्यावर बाबासाहेबांनी दोनच दिवसांनी, १६ तारखेला, चांद्याला दीक्षा दिली. त्यामुळं आमच्या झाडीपट्टीतल्या माणसाला त्या तारखेचं वेगळं अप्रूप असतं. परतताना सिंदेवाहीकडच्या एका गावी मुक्काम पडला. विहारासमोर पोरांनी चादर ताणली आणि भाड्याच्या प्रोजेक्टरवर चॅप्लिनचा 'द इमिग्रंट' लावला. १९१७ चा मूकपट, वीस-पंचवीस मिनिटांचा. इंग्रजी पाट्या एक पोरगा मराठीत सांगत होता. थोड्या वेळानं त्याची गरजच उरली नाही.

बोटीवरचे गरीब लोक अमेरिकेला निघालेत. पहिल्याच दृश्यात चार्ली पाठमोरा, कठड्यावरून वाकून पाय झाडतोय. वाटतं, बोट लागली, ओकतोय. वळतो तर हातात गळाला लागलेला मासा! पोरं खदखदली. बोट हेलकावते, जेवणाची थाळी या माणसापुढून त्या माणसापुढं घसरते, दोघं एकाच थाळीत आळीपाळीनं खातात. हा झाला धांगडधिंगा. तो चांगला आहे, पण मी इथं थांबत नाही.

पुढं न्यूयॉर्क येतं. स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा दिसतो, सगळे उभे राहून बघतात. पाटी सांगते, स्वातंत्र्याच्या भूमीत आगमन. आणि लगेच अंमलदार येऊन दोर ताणतात, माणसांना ढोरासारखं मागं रेटतात. चार्ली दोराकडं बघतो, पुन्हा त्या पुतळ्याकडं बघतो. एवढंच. एक शब्द नाही. मग संधी साधून अंमलदाराच्या ढुंगणावर लाथ हाणतो.

मित्रांनो, ही लाथ नीट बघा. ती खालून वर जाते. झाडीपट्टीची नाटकं रात्र रात्र जागून बघत मी वाढलो. धान निघालं की वडशाच्या कंपन्या गावोगाव फिरतात, मंडईला, शंकरपटाला. या नाटकांवर माझा जीव आहे. पण मी पाहिलेल्या कितीतरी नाटकांत हशा कुणावर निघाला? गड्यावर, बोबड्यावर, काळ्या बाईवर. तिथं लाथ वरून खाली येते, आणि खाली बसलेले आपणच टाळ्या पिटतो. सत्यशोधकी जलशांनी आणि नंतर आंबेडकरी जलशांनी हे उलटं केलं होतं. भट, सावकार, पाटील यांची सोंगं काढून त्यांनी लोकांना हसवलं आणि त्यातूनच शहाणं केलं. भीमराव कर्डकांचं नाव आपण घेतो, पण त्यांच्या फडातलं हसू आपल्या लिखाणात उतरलं नाही. आपण जखमा लिहिल्या. लिहायलाच हव्या होत्या. पण हशाचं हत्यार गंजलं ते गंजलंच.

आता हॉटेलातला भाग. चार्ली भुकेला, खिशात दमडी नाही. रस्त्यात नाणं सापडतं, ते तो खिशात टाकतो. खिशाला भोक आहे हे त्याला माहीत नाही, आपल्याला माहीत आहे. आत जाऊन घेवड्याच्या बिया मागवतो. तिथं बोटीवरची पोरगी भेटते. तिच्या हातात काळ्या काठाचा रुमाल आहे. तिची आई गेली हे त्यावरूनच त्याला कळतं. हसणारी पोरं इथं चूप झाली. एवढ्यात दहा सेंट कमी पडले म्हणून वेटर एका गिऱ्हाइकाला तुडव तुडव तुडवतात. चार्ली खिसा चाचपतो. नाणं नाही! ते फिरून फिरून पुन्हा त्याच्या हाती येतं, धिप्पाड वेटर ते दातांनी चावून बघतो, आणि नाणं वाकतं. खोटं.

चादरीपुढं एकच हल्लकल्लोळ. तेवढ्यात मागून एक म्हातारी बाई बोलली, "त्याचा पैसा खोटा निंगाला म्हून मार हाय. आमचा पैसा तं खराच राहे ना बाबू, तरी बी पानी मारून घेत."

माझी समीक्षा त्या बाईनं एका वाक्यात केली. चॅप्लिनच्या हॉटेलात नाण्याची सत्ता आहे. नाणं खरं असतं तर चार्ली गिऱ्हाईक होता, साहेब होता. भुकेची, वर्गाची गोष्ट त्यानं पुरी सांगितली आहे, त्यात खोट नाही. पण खरं नाणं असूनही ज्याला उठवतात, तो माणूस त्याच्या पडद्यावर नाही.

तो माणूस त्याच साली बडोद्यात होता. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कात, कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९१७ ला बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले, तर राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव सांगून पारशांच्या मुसाफिरखान्यात राहिले. रोजचं भाडं मोजत होते, नाणं खरं होतं. तरी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर काढलं. कमाठी बागेत ते रडत बसले. हा प्रसंग त्यांनीच लिहून ठेवला आहे. म्हणजे ज्या साली चॅप्लिननं अमेरिकेच्या दारातला दोर दाखवला, त्याच साली आपल्या देशातला दोर बाबासाहेबांच्या पायात आला.

चॅप्लिनचं आणखी एक खटकतं. शेवटी एक चित्रकार त्या दोघांना मॉडेल म्हणून काम देतो. त्यानं वेटरसाठी बशीत ठेवलेल्या पैशातून चार्ली गुपचूप आपलं बिल भागवतो. ही हातचलाखी मला आवडली, कारण तो भीक मागत नाही. पण अंमलदाराला लाथ मारणारा माणूस शेवटी एका भल्या साहेबाच्या आगाऊ रकमेवर सुटतो. दोराच्या मागं रेटलेले बाकीचे कुठं गेले? आणि पोरगी नको नको म्हणत असता तिला उचलून लग्नाच्या कचेरीत नेतो, हा विनोद विहारातल्या आमच्या पोरींना मुळीच रुचला नाही. एकीनं सरळ विचारलं, तिले कोनी पुसलं का?

तरी त्या लाथेची किंमत कमी होत नाही. सत्तेला ती झोंबली असणार. पुढं १९५२ ला बोटीनं युरोपला निघालेल्या चॅप्लिनला अमेरिकेनं परतीचं दार बंद केलं. दोर त्याच्याही वाट्याला आला.

गावातली पोरं आता हॉटेलचा प्रसंग आपल्या पद्धतीनं बसवताहेत. त्यांचा वेटर नाणं चावत नाही, पाणी मारतो. तिथपर्यंत तालीम जमते. पुढं लोकांना रडू येतं, हसू येत नाही, आणि पोरांना तर त्या वेटरवर हसू आणायचं आहे. पंधरा दिवस तिथंच घोडं अडलंय. कुणाला काही सुचलं तर कळवा.