उत्तरकथेतील नायकाचे बळ

गेल्या हिवाळ्यात डिचोली तालुक्यातील सर्वण या गावी एका स्नेह्यांच्या घरी आमचा मुक्काम होता. रात्री गावात दहीकाला होता. त्यासाठीच आम्ही गेलो होतो. संध्याकाळी यजमानांचा नातू दिवाणखान्यात दूरदर्शन संचासमोर बसून व्हिडिओ गेम खेळत होता, आणि खेळता खेळता चिडला होता. त्याची तक्रार अशी की, या खेळाच्या पहिल्या भागात नायकाला सारे काही येत होते. ते सारे त्याने, म्हणजे या मुलानेच, अनेक दिवस खपून नायकाला मिळवून दिले होते. आता दुसरा भाग सुरू होतो तोच नायक रिकाम्या हातांनी उभा! साधी उंच उडी त्यास मारता येत नाही. मग पहिल्या भागात केलेले श्रम गेले कोठे?

घरातील वडीलधाऱ्यांनी ही तक्रार हसण्यावारी नेली. आम्हांस मात्र ती हसण्याजोगी वाटली नाही. त्याच रात्री काल्यात संकासुराचा धुडगूस आटोपून आख्यानास रंग चढला, तेव्हा बभ्रुवाहनाची कथा समोर आली. कुरुक्षेत्रावर ज्याच्या बाणांपुढे कोणी टिकले नाही, तो अर्जुन मणिपुराच्या सीमेवर आपल्याच पोराच्या हातून लोळला. साऱ्या मांडवात त्याबद्दल कोणी कुरकुरले नाही. त्या मुलाला जे खटकले ते या प्रेक्षकांना का खटकू नये? पहाटेपर्यंत आम्ही आख्यानापेक्षा या प्रश्नातच अधिक गुंतलो होतो, असे कबूल केले पाहिजे.

प्रथम गेमच्या रचनेविषयी दोन शब्द. या खेळांचे जग म्हणजे बहुधा बंद दारांचा वाडा असतो. एक दार उघडण्यास दुहेरी उडी लागते, दुसऱ्यास अग्निबाण, तिसऱ्यास पाण्याखाली श्वास धरण्याची विद्या. एकेक विद्या मिळवीत जाणे आणि तिच्या बळावर पूर्वी अडलेली वाट मोकळी करणे, यातच खेळणाराचा आनंद आहे. दुसऱ्या भागात नायक सर्व विद्यांसह उतरला, तर एकही दार बंद राहणार नाही, मग खेळायचे काय? शिवाय पहिला भाग ज्याने पाहिलाच नाही, अशा नव्या खेळणाराच्या हाती पहिल्याच क्षणी वीस विद्या दिल्या, तर तो गांगरून जाईल. तेव्हा नायकास निर्बळ करणे ही रचनाकाराची निकड आहे. निकडीबद्दल कोणास दोष देता येत नाही. नाटककारासही पात्र रंगभूमीवरून घालवायचे असले म्हणजे काहीतरी निमित्त काढावेच लागते.

परंतु निमित्त आणि कारण यांत फरक आहे, आणि टीकाकाराचे काम तेथेच सुरू होते. ते ओळखण्याची खूण आम्हांस सापडली ती अशी: नायकाची शक्ती गेली म्हणजे ती गेली कोठे, हे विचारावे. ज्या कृतीजवळ याचे उत्तर आहे, तिच्यातील शक्तिनाश हा कथेचा भाग आहे. जिच्याजवळ ते नाही, तिच्यातील शक्तिनाश ही केवळ सोय आहे.

2002 साली निघालेला ‘मेट्रॉइड प्राइम’ हा खेळ पाहा. त्यातील सॅमस ही वीरांगना आरंभी सज्ज असते. अवकाशयानातून निसटताना एक स्फोट होतो आणि तिच्या चिलखतातील साऱ्या सोयी बिघडतात. एवढेच. खेळ म्हणून त्याची थोरवी जाणकार मानतात आणि ती आम्हीही नाकारीत नाही. पण त्या स्फोटाला काही अर्थ नाही. स्फोटाऐवजी ठेच लागली असती तरी चालले असते. आता त्याच वर्षीचा, त्याच मालिकेतील ‘मेट्रॉइड फ्यूजन’ घ्या. येथे एका परोपजीवी जंतूची बाधा झाल्यामुळे सॅमसच्या अंगावरील चिलखत शस्त्रक्रियेने काढून टाकावे लागते, आणि त्या चिलखताच्या अवशेषांतून तिचीच एक प्रतिमा जन्म घेते. ती पूर्ण बळाची असून मूळ सॅमसच्या मागावर अंतराळस्थानकातून हिंडू लागते. दुबळी सॅमस दाराआड दडून आपल्याच पावलांचा आवाज ऐकते. येथे शक्ती कोठे गेली हे विचारावेच लागत नाही. ती समोरून चालत येते.

‘गॉड ऑफ वॉर’ मालिकेचा 2007 सालचा दुसरा भाग या दोहोंच्या मध्ये कोठेतरी बसतो. देवपदास पोचलेला क्रेटॉस, राक्षसी पुतळा पाडण्याच्या ईर्ष्येने, झ्यूसने देऊ केलेल्या खड्गात आपले सारे देवत्व ओततो, आणि त्याच खड्गाने झ्यूस त्याचा घात करतो. शक्ती कोठे गेली, हे येथे स्पष्ट आहे, आणि ती अहंकारापायी गेली हेही स्पष्ट आहे. पण 2010 च्या तिसऱ्या भागात स्टिक्स नदीत पडून क्रेटॉस पुन्हा एकदा रिता होतो, तेव्हा मात्र रचनाकाराची निकड उघडी पडते. एकच युक्ती दुसऱ्यांदा वापरली की पहिल्या वेळेचाही संशय येऊ लागतो.

आता आपल्या घराकडे वळू. ज्या भूमीत ही चर्चा सुचली ती, परंपरेप्रमाणे, परशुरामाने समुद्रास हटवून मिळविलेली. परशुराम हा आपल्या पुराणांतील पुन्हा पुन्हा येणारा नायक आहे. प्रत्येक नव्या प्रवेशात त्याच्याजवळ पूर्वीपेक्षा काहीतरी कमी असते, आणि जे कमी झाले त्याचा हिशेब लागतो. द्रोण त्याच्याकडे याचक म्हणून येतो तेव्हा धन ब्राह्मणांना आणि पृथ्वी कश्यपाला देऊन झालेली असते. उरलेली असतात शरीर आणि अस्त्रे. त्यांतील अस्त्रेही तो द्रोणास देतो. भीष्माशी तेवीस दिवस युद्ध होते आणि गुरूला शिष्यापुढे थांबावे लागते. रामायणाच्या बालकांडात तर वैष्णव धनुष्य रामाने सज्ज केल्याबरोबर परशुरामाचे तेज रामाच्या ठायी जाते. अवतार बदलला, तेव्हा बळाने घर बदलले. या प्रसंगातील पुढचा तपशील आमच्या मते फार मोलाचा आहे. चढविलेला बाण वाया जाऊ द्यायचा नाही, तेव्हा तुझी गती हरण करू की तपाने मिळविलेले लोक, असे राम विचारतो. परशुराम लोक देऊन टाकतो आणि गती राखून ठेवतो. कारण? पृथ्वी कश्यपाला दिल्यानंतर तिच्यावर रात्र काढायची नाही, असे त्याचे वचन आहे. गतीच गेली तर ते पाळता येणार नाही. काय गमवावे याची निवड नायकाने करावी, आणि ती एका जुन्या वचनाच्या आधारे करावी, यापरते उत्तरकथेचे चांगले कलम आम्हांस ठाऊक नाही.

अर्जुनाची कथा याहून कठोर आहे. बभ्रुवाहनाच्या हातून झालेला पात हा, उलूपीच्या सांगण्याप्रमाणे, शिखंडीस पुढे करून भीष्मास पाडल्याचे प्रायश्चित्त होता. म्हणजे पहिल्या कथेतील विजयाचेच हे देणे दुसऱ्या कथेत फेडले गेले. मंडपातील प्रेक्षक गप्प राहिले, ते त्यांना नायकाचे बळ प्रिय नव्हते म्हणून नव्हे. कुरुक्षेत्रावरचा तो जमाखर्च त्यांना पाठ होता, म्हणून. तरीही त्या वेळी उलूपीचा मणी अर्जुनाला उठवतो. मौसलपर्वात मणी नाही. यादवांच्या स्त्रियांना द्वारकेहून नेत असता पंचनदात आभीर लाठ्या घेऊन तुटून पडतात. गांडीव कष्टाने चढते, अस्त्रे स्मरत नाहीत, अक्षय म्हणून नावाजलेले भाते रिते होतात, आणि खांडववनाचा विजेता धनुष्याच्या टोकाने चोरांना मारू लागतो. पुढे व्यास त्याला समजावतात की, अस्त्रांचे कार्य झाले होते. ती आली तशी गेली. महाप्रस्थानाच्या वेळी अग्नी वाटेत उभा राहून गांडीव वरुणास परत मागतो, तेव्हा हे बळ मुळातच उसने आणलेले होते, ही गोष्ट अर्जुनाच्या नव्हे तर आपल्याच ध्यानात नव्याने येते.

एके काळी आम्ही स्वतः ‘उत्तररामचरिता’स भवभूतीचा रडका भाग म्हणत असू, हे येथे सांगून टाकलेले बरे. ‘महावीरचरिता’त ज्याने परशुरामाचा गर्व उतरविला, लंका जिंकली, तो राम पुढच्या नाटकात पंचवटीत आला की मूर्च्छित पडतो, अदृश्य असलेल्या सीतेच्या स्पर्शाने सावध होतो, आणि पुन्हा पडतो. विदर्भातील पद्मपूरच्या या कवीला वीररस झेपला नाही म्हणून तो करुणाकडे वळला, असे आमचे तरुणपणीचे मत होते. आज ते आम्ही मागे घेतो. रामाचे बाहुबळ गेलेले नाही, शंबूकावर त्याचा हात चालतोच. गेले आहे ते त्या बळावरचे त्याचे स्वामित्व. पहिल्या अंकात चित्रे पाहताना विश्वामित्राकडून मिळालेली जृंभकास्त्रे यापुढे तुझ्या अपत्यांकडे येतील, असे राम सीतेला सहज बोलून जातो. बारा वर्षे लोटतात. पाचव्या अंकात अश्वमेधाच्या सैन्याला एक अनोळखी मुलगा याच अस्त्रांनी थिजवतो. आणि वर ताटकेचा वध, खरापुढे घेतलेली पावले, वालीचा प्रसंग यांवरून थोरल्या रामाची थट्टा करतो. पूर्वनाटकातील प्रत्येक पराक्रम उत्तरनाटकात पोराच्या तोंडून तपासला जातो. शक्ती कोठे गेली? जिला घालविले, तिच्या उदरी गेली. याहून भेदक उत्तर कोणत्याही भाषेतील दुसऱ्या भागाने दिल्याचे आमच्या वाचनात नाही. सर्व्हान्टीसच्या 1615 सालच्या दुसऱ्या भागात डॉन किहोटे धर्मशाळेला किल्ला न समजता धर्मशाळाच समजू लागतो, तेही त्याच जातीचे. वेड हेच ज्याचे बळ, त्याचे वेड ओसरू लागते.

यावर कोणी म्हणेल की, नायकाचे काहीच न जाऊ देता मालिका चालविता येत नाही काय? येते. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड शेकडो पुस्तकांतून जसेच्या तसे अवतरले, आणि दोन पिढ्यांनी त्यांचा मनमुराद आनंद लुटला. त्यात आम्हीही होतो. पण अशा नायकाची कथा पुढे सरकत नाही, ती पुन्हा सुरू होते. मागच्या पुस्तकात त्याने काय केले हे पुढच्या पुस्तकास ठाऊक असण्याची गरज नसते. ज्याच्या भूतकाळाला किंमत आहे, त्यालाच ती मोजावी लागते.

गेम या माध्यमाला एक अडचण मात्र आहे, आणि ती मान्य केली पाहिजे. महाभारताने अर्जुनास गांडीव परत दिले नाही. गेमला ते द्यावेच लागते, नाहीतर खेळणारा पैसे परत मागेल! घेतलेले सारे शेवटी मिळणारच, हे आधीच ठाऊक असल्यामुळे गमावण्याचे दुःख तेथे सहसा खोलवर जात नाही. दुसरी गोष्ट अशी की, नायक दुबळा झाला तरी खेळणाराची बोटे तयारच असतात. तेव्हा त्याला जे जाणवते ते दौर्बल्य नसून अडवणूक असते. सर्वणच्या त्या मुलाचा राग याच जातीचा होता.

तरीही वाट आहे. 2023 सालच्या ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ या खेळात, 2017 च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये जिंकलेला लिंक आरंभीच उजवा हात गमावतो, त्याचे खड्ग झिजून मोडते. त्या जागी बसविलेला हात दुसऱ्याचा, एका प्राचीन राजाचा. त्यामुळे मिळणाऱ्या नव्या विद्याही उसन्या. मोडके खड्ग मात्र भूतकाळात पोचलेल्या राजकन्येच्या हाती जाते, आणि ते पुन्हा तेजस्वी व्हावे म्हणून ती मनुष्यत्व सोडून नागरूप घेते, युगानुयुगे आकाशात ते मस्तकी धरून हिंडते. खेळणारा पहिल्या तासापासून तिला वर उडताना पाहत असतो. ती कोण हे त्यास फार उशिरा कळते. खड्ग परत मिळते खरे, पण ते कोणाच्या हातून आपण घेत आहोत हे कळल्यावर हात क्षणभर मागे येतो, असे आम्ही ज्या तरुणांशी बोललो त्यांनी सांगितले. येथे बोटांची तयारी काही कामाची नाही.

दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी आम्ही त्या मुलास हीच गोष्ट विचारली: तुझ्या नायकाची शक्ती गेली कोठे? तो काही काळ विचारात पडला. मग म्हणाला, त्यांनी ते सांगितलेलेच नाही, आणि संच सुरू करून पुढच्या दाराशी झगडू लागला.