तटाआडचे घर : बारामतीचा बाबूजी नाईक वाडा आणि फ्लॉरेन्सचा मेदिची प्रासाद

प्रास्ताविक

मराठीतील वास्तुविषयक लेखनात वाड्याचे वर्णन बहुधा तट, बुरूज आणि दरवाजा यांपासून सुरू होते आणि पुष्कळदा तेथेच थांबते. बारामती व इंदापूर परिसरातील गढ्यांच्या बाबतीत हे विशेष जाणवते. बारामतीत कऱ्हेच्या काठी असलेला बाबूजी नाईकांचा वाडा आणि इंदापूरची मालोजीराजांच्या नावाने ओळखली जाणारी गढी, या दोन्ही वास्तू आपण प्रामुख्याने लहान किल्ले म्हणून वाचतो. हे वाचन अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी इटलीतील एका सुप्रसिद्ध नगरप्रासादाशी तुलना उपयुक्त ठरेल.

सावकाराचे घर

फ्लॉरेन्समधील मेदिची प्रासादाचे बांधकाम १४४४ च्या सुमारास सुरू झाले. कोसिमो मेदिची हा राजा नव्हता, पेढीवाला होता. ब्रुनेलेस्कीचा आराखडा फार डौलदार, म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांचा मत्सर ओढवून घेणारा ठरेल, या विचाराने त्याने तो नाकारून मिकेलोत्सोकडे काम सोपविले, असे परंपरा सांगते. या प्रासादाचा तळमजला ओबडधोबड, पुढे आलेल्या दगडांचा आहे. वरचे मजले क्रमाने गुळगुळीत होत जातात. बाहेरून दुर्गासारखे वाटणारे हे घर आतमध्ये कमानींच्या चौकाभोवती उलगडते. दोनातेल्लोचा डेव्हिड याच चौकात उभा होता. येथील खासगी प्रार्थनागृहात बेनोत्सो गोत्सोलीने १४५९ पासून भित्तिचित्रे रंगविली.

बाबूजी नाईक जोशी हेही सावकार घराण्यातील. पहिल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई याच घराण्यात दिली होती. सोयरीक आणि कर्जव्यवहार असा या घराण्याचा पेशव्यांशी दुहेरी संबंध होता. १७४० मध्ये बाजीरावांच्या निधनानंतर रघूजी भोसल्यांनी पेशवेपदासाठी बाबूजींचा पक्ष उचलून धरला. शाहू महाराजांनी मात्र वस्त्रे नानासाहेबांना दिली. त्याच बाबूजींच्या आश्रयाने मोरोपंत (१७२९-१७९४) बारामतीत स्थिरावले. ‘आर्याभारत’ आणि ‘केकावली’ यांचा कर्ता याच घराण्याच्या पदरी पुराणिक होता. द्रव्य, सत्ताकांक्षा आणि कलाश्रय हे तिन्ही धागे एका घरात गुंफले जावेत, हे दोन्ही नगरांतील साम्य लक्षणीय आहे.

दगड उरतो, लाकूड जाते

असे असूनही फ्लॉरेन्सचा प्रासाद ‘घर’ म्हणून अभ्यासला जातो आणि बारामतीचा वाडा ‘गढी’ म्हणून. याचे एक कारण बांधकामसाहित्यात आहे. इटालियन प्रासादात आतले चौक, खांब व कमानी दगडाच्या. त्यामुळे गृहजीवनाची चौकट टिकून राहिली. मराठी वाड्यात मात्र जोते आणि तट काळ्या दगडाचे, तर राहते घर सागवानी खांब, तुळया आणि कडीपाट यांवर उभे असते. ओल, वाळवी आणि आग प्रथम लाकडाचा घास घेतात. पुण्याच्या शनिवारवाड्याची राहती अंगे १८२८ च्या आगीत नष्ट झाली; तट आणि दिल्ली दरवाजा उरले. आज पाहणाऱ्यास तो किल्लाच भासतो.

अर्थात, जे टिकले त्यावरूनच आपण इतिहास रचतो. दगडाने राखणाची आठवण जपली. लाकडाबरोबर मात्र देवडीवरचा हिशेब, सोप्यातील पुराणश्रवण, माजघरातील स्त्रियांचा वावर यांचा पुरावा गेला. वाङ्मयेतिहासात मोरोपंतांचा आश्रयदाता एका ओळीत येतो, वास्तुवर्णनात मोरोपंत एका ओळीत येतात. कवितेचे वाचन जेथे झाले त्या जागेचा विचार दोन्हीकडे होत नाही. इंदापूरच्या गढीवर तर मालोजीराजांच्या रणातील मृत्यूची स्मृती इतकी गडद आहे की, वास्तूकडे स्वतंत्रपणे पाहणेच अवघड होते.

कागदाचा आधार

मेदिची प्रासादाच्या अभ्यासास आणखी एक आधार आहे. १४९२ मध्ये लोरेन्त्सोच्या मृत्यूनंतर दालनवार वस्तूंची यादी करण्यात आली. तिच्या साह्याने रिकामी दालने पुन्हा वाचता येतात. आपल्याकडे पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तर आणि इतर मोडी कागद आहेत. परंतु त्यांचे वाचन मुख्यतः राजकारणासाठी झाले, घरासाठी क्वचितच.

दोन्ही वास्तूंचा उत्तरकाळही सारखा आहे. मेदिची प्रासाद १६५९ मध्ये रिकार्दी घराण्याने विकत घेतला. पुढे तेथे शासकीय कार्यालये आली. बारामतीच्या वाड्यातही दीर्घकाळ सरकारी कचेऱ्या होत्या. कचेरीने वाड्यात फेरफार केले, तसा त्याचा वापरही अखंड ठेवला. हा कालखंड वास्तूच्या इतिहासातून वगळण्याचे कारण नाही.

निष्कर्ष

वाड्याचे जतन करताना तट-बुरुजांची डागडुजी सोपी आणि दर्शनीही असते. परंतु तेवढ्यावर थांबल्यास आपण घराऐवजी केवळ त्याचे कुंपण जपलेले असेल. म्हणून जोत्यांची मोजमापे, चौकांची मूळ मांडणी, लाकडी अवशेषांची नोंद आणि मोडी कागदांचे वाचन ही कामे दुरुस्तीच्या आधी व्हावयास हवीत. या कामी इतिहास, मराठी आणि भूगोल या विभागांनी एकत्र यावे लागेल. बारामती-इंदापूर परिसरातील महाविद्यालयांना यापेक्षा जवळचा आणि निकडीचा संशोधनविषय क्वचितच मिळेल.